मोजपट्टी कोणाच्या हाती?

पिंपरीहून पवनेचा पूल ओलांडून काळेवाडीत शिरले, की हमरस्त्यामागच्या गल्ल्यांतून पत्र्याच्या शेडमध्ये चालणारी लहान वर्कशॉपे दृष्टीस पडतात. अशाच एका वर्कशॉपात गेल्या महिन्यात जाण्याचा योग आला. मालक माझा जुना विद्यार्थी. चार पॉवर प्रेस, अकरा कामगार आणि पत्र्याचे सुटे भाग करून चाकणच्या एका मोठ्या पुरवठादारास देण्याचा व्यवसाय. भिंतीवर देवाची तसबीर आणि दिनदर्शिका यांच्या शेजारी आता एक पडदा लागला आहे. त्यावर हिरवे, पिवळे, तांबडे चौकोन उमटतात आणि दर काही मिनिटांनी त्यांतले आकडे बदलतात. "सर, हा आमचा डॅशबोर्ड," तो कौतुकाने म्हणाला. जवळजवळ सगळे चौकोन हिरवे होते. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर मात्र आवाज खाली आणून तो म्हणाला, "केपीआय सगळे हिरवे आहेत, सर, पण येत्या दहा तारखेला पगार कसा करायचा ते कळत नाही."

हिरवा पडदा आणि रिकामी तिजोरी यांचा हा विरोध केवळ एका वर्कशॉपापुरता मर्यादित असता, तर त्यावर लेखणी उचलण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु कारखान्यांपासून बँकांपर्यंत आणि नगरपालिकांपासून महाविद्यालयांपर्यंत आज कामगिरीचे मोजमाप करणाऱ्या फलकांचे राज्य सुरू झाले आहे. शिक्षक, कारकून, परिचारिका, बसचालक, कोणीही त्यातून सुटलेला नाही. अशा वेळी या फलकावर काय मांडले जाते, काय मांडले जात नाही, आणि ते कोण ठरवतो, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

फळा जुना, पडदा नवा

कामगिरीचे मुख्य निर्देशक, म्हणजेच 'केपीआय', ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेतील वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली उत्पादनातील दोषांवर नजर ठेवणारा नियंत्रण-आलेख तयार केला. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या प्रयत्नांमुळे हेच शूहार्ट १९४७-४८ च्या सुमारास भारतातही येऊन गेले. जपानच्या टोयोटा कारखान्यात कामगाराने दोरी ओढताच दिवा लागणारा फलक असे. तो दिवा अडचण दाखवण्यासाठी असे, दोषी शोधण्यासाठी नव्हे, हे येथे लक्षात ठेवावे. पुढे १९९२ साली रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन यांनी 'संतुलित गुणपत्रिके'ची कल्पना मांडली. केवळ नफ्यातोट्याच्या आकड्यांवरून संस्थेचे आरोग्य कळत नाही. ग्राहक, अंतर्गत कार्यपद्धती आणि शिकण्याची क्षमता यांचेही मापन हवे, असे त्यांचे म्हणणे होते. संगणक स्वस्त झाले आणि फळ्यावर खडूने लिहिला जाणारा आकडा पडद्यावर आला, एवढाच काय तो फरक.

आपल्या परिसराची वाटचालही या बदलाशी समांतर आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभा राहिला, १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि आकुर्डी, चिंचवड, भोसरीच्या माळावर कारखाने आले. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. मोठ्या कारखान्यांच्या सावलीत हजारो लघुउद्योग रुजले. नव्वदीच्या अखेरीपासून वाहनउद्योगाचा ओघ चाकणकडे वळला, आणि त्याबरोबर सुट्या भागांचा पुरवठा ठरल्या तासाला, ठरल्या संख्येत आणि जवळजवळ निर्दोष व्हावा ही अपेक्षाही आली. पूर्वी शेकड्यामागे किती माल सदोष हे विचारले जाई. आता दहा लाखांमागे किती, हे विचारले जाते.

आकडा काय शिकवतो?

मोजमापाला सरसकट नावे ठेवणे मात्र अन्यायाचे होईल. माझ्या विद्यार्थ्याच्या पडद्यावरील एक निर्देशक पाहू. यंत्राची एकूण परिणामकारकता मोजण्याची ही पद्धत जपानच्या सेइची नाकाजिमा यांनी रूढ केली. समजा, पाळी आठ तासांची; जेवणाची अर्ध्या तासाची सुटी वजा जाता ४५० मिनिटे उरली. डाय बदलणे आणि किरकोळ बिघाड यांत ४५ मिनिटे गेली. म्हणजे यंत्र ९० टक्के वेळ चालले. मिनिटाला दहा नग या आदर्श वेगाने ४०५ मिनिटांत ४,०५० नग निघावयास हवे होते, निघाले ३,६४५. म्हणजे वेगही ९० टक्के. त्यांपैकी ७३ नग नापास झाले, म्हणजे गुणवत्ता ९८ टक्के. तिन्ही आकडे स्वतंत्रपणे पाहिले तर कोणीही समाधान मानील. परंतु त्यांचा गुणाकार केला, की उत्तर येते ७९ टक्के. ४,५०० नगांच्या क्षमतेपैकी चांगले नग हाती आले केवळ ३,५७२. यंत्राची एक पंचमांश शक्ती कोठे झिरपली, हे या एका आकड्याने दाखवून दिले.

मोजमापाचा दुसरा गुण सामाजिक आहे. जेथे नोंद नसते तेथे मर्जी चालते. कोणाचे काम चांगले हे फोरमनच्या लहरीवर, गाववाल्यांवर आणि नात्यागोत्यावर ठरत असे, तो काळ काही सोन्याचा नव्हता. प्रामाणिक कामगाराला स्वच्छ आकड्याचा आधार वाटतो, तो उगीच नव्हे.

माप जेव्हा लक्ष्य बनते

अडचण सुरू होते ती येथून पुढे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण नोंदवले. त्याचा मथितार्थ असा, की एखाद्या आकड्याच्या आधारे नियंत्रण करू लागले, की त्या आकड्याची पूर्वीची विश्वासार्हता ढासळते. कारण आकडा मोजणारा जसा शहाणा असतो, तसाच ज्याचे मोजमाप होते तोही शहाणा असतो.

वरील उदाहरणातील ७९ चे ८५ करावयाचे असतील तर दोन मार्ग आहेत. एक कष्टाचा: डाय बदलण्याची पद्धत सुधारणे, यंत्राची देखभाल करणे, कामगाराला शिकवणे. दुसरा सोपा: बिघाडाची वेळ 'नियोजित देखभाल' म्हणून दाखवणे, आदर्श वेग कागदोपत्री थोडा कमी धरणे, किंवा डाय बदलण्याचा वेळ वाचवण्यासाठी एकाच प्रकारच्या नगांचा नको इतका साठा करून ठेवणे. पडदा दोन्ही मार्गांनी सारखाच हिरवा होतो.

याहून गंभीर बाब सुरक्षिततेची. पॉवर प्रेसवर कामगाराचे दोन्ही हात बाहेर राहावेत यासाठी दोन बटणे किंवा संरक्षक जाळी असते. तिच्यामुळे वेग काहीसा मंदावतो. नगांची संख्या तासातासाला पडद्यावर झळकत असेल आणि जाळीची नोंद कोठेच नसेल, तर पाळीच्या घाईत जाळी बाजूला सारली जाते. या पट्ट्यातील एका कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याने सांगितलेली हकिकत विसरता येत नाही. प्रवेशद्वारावर 'अपघातरहित दिवस' मोजणारा फलक होता. एका कंत्राटी कामगाराच्या बोटाला इजा झाली तेव्हा त्याला खासगी दवाखान्यात नेऊन टाके घालण्यात आले, आणि हजेरीपटावर त्याची रजा लागली. फलकावरचा आकडा दुसऱ्या दिवशी एकाने वाढला.

हे सर्व माणसे लबाड असतात म्हणून घडते असे समजणे भाबडेपणाचे होईल. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम या अर्थतज्ज्ञांनी १९९१ साली दाखवून दिले, की एकाच माणसाकडे अनेक कामे असताना त्यांतील सहज मोजता येणाऱ्या कामालाच बक्षीस जोडले, तर न मोजल्या जाणाऱ्या कामांकडे दुर्लक्ष होणे हे अगदी तर्कसंगत असते. होल्मस्ट्रॉम यांना २०१६ साली आणि मिलग्रॉम यांना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा हा सिद्धान्त समजण्यास पाळीवरच्या ऑपरेटरला गणिताची गरज नाही. तो त्याचा रोजचा अनुभव आहे.

आपला इतिहास

आणि हा धडा आपणांस नवा असण्याचे कारण नाही. १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, नसबंदीच्या शस्त्रक्रियांचे कोटे राज्यांवर, तेथून जिल्ह्यांवर आणि तेथून शिक्षक व तलाठ्यांपर्यंत उतरले. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात संमत करून घेणारे पहिले राज्य आपले महाराष्ट्र होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रियांची नोंद झाली. लक्ष्य ओलांडले गेले, पण त्याखाली जी माणसे भरडली गेली, त्यांच्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. अखेरीस १९९६ साली केंद्र सरकारने कुटुंबनियोजनातील पद्धतनिहाय उद्दिष्टेच काढून टाकली.

आम्हा प्राध्यापकांनीही इतरांकडे बोट दाखवू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली शिक्षकांच्या निवडीसाठी व बढतीसाठी शैक्षणिक कामगिरीचे गुणांक आणले. शोधनिबंधाला गुण मिळू लागताच शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. मे २०१८ मध्ये आयोगाला स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. निबंधांची संख्या वाढली म्हणून वर्गातील अध्यापन सुधारले असे म्हणण्याचे धाडस आमच्यापैकी कोणी करणार नाही.

फलकावर नसलेला रकाना

आता काळेवाडीच्या त्या पडद्याकडे परत येऊ. त्यावर वेळेवर पुरवठ्याचे प्रमाण होते, सदोष नगांचा आकडा होता, यंत्राची परिणामकारकता होती. हे सर्व निर्देशक माल घेणाऱ्याने ठरवलेले होते. माल देणाऱ्याला पैसे किती दिवसांनी मिळतात, हा निर्देशक त्यात नव्हता. किती वेळा आदल्या रात्री मागणी बदलली जाते, याचीही नोंद नव्हती.

या न मोजलेल्या गोष्टीची किंमत मात्र सहज मोजता येते. महिन्याला दहा लाखांची बिले होत असतील आणि पैसे ४५ ऐवजी ९० दिवसांनी मिळत असतील, तर १५ लाख रुपये जादा अडकून पडतात. त्यावर बँकेचे १२ टक्के व्याज धरले तर वर्षाला १ लाख ८० हजार, म्हणजे महिन्याला १५ हजार रुपये. एवढ्यात वर्कशॉपात एखाद्या शिकाऊ पोराचा पगार होतो. माझ्या विद्यार्थ्याच्या दहा तारखेच्या चिंतेचे मूळ येथे होते.

कायदा या बाबतीत मुका नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने सूक्ष्म व लघुपुरवठादारास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन घातले, आणि विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज आकारण्याची तरतूद केली. २०१७ साली तक्रारींसाठी 'समाधान' ही संगणकीय सोय झाली. वित्त अधिनियम २०२३ ने तर अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याखेरीज खरेदीदाराला तिची प्राप्तिकरात वजावट मिळणार नाही, अशी तजवीज केली. असे असूनही लघुउद्योजक तक्रार करण्यास कचरतो. व्याज मागितले तर पुढची ऑर्डर जाईल ही भीती त्याच्या मनात असते, आणि ही भीती कोणत्याही फलकावर दिसत नाही. ज्याच्या हाती मोजपट्टी असते तो सहसा स्वतःला मोजत नाही.

मग करावे काय?

पडदे काढून फेकण्याची शिफारस मी करणार नाही. तथापि चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, एकटा निर्देशक कधीही मांडू नये. त्याच्याशी ओढाताण करणारा दुसरा शेजारी असावा. वेगाशेजारी संरक्षक जाळीची तपासणी, यंत्राच्या परिणामकारकतेशेजारी पडून राहिलेला साठा. दुसरी, अपघातरहित दिवसांपेक्षा थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदी मोजाव्यात, आणि अशी नोंद करणाऱ्या कामगाराची पाठ थोपटावी. जेथे अशा नोंदी शून्य आहेत तेथे सुरक्षितता नसून गप्पपणा असण्याचा संभव अधिक. तिसरी, ज्याचे मोजमाप व्हावयाचे आहे त्याला व्याख्या ठरवताना विचारावे आणि आकड्यामागील कारण लिहिण्यास जागा ठेवावी. आकड्याचा उपयोग प्रथम प्रश्न विचारण्यासाठी व्हावा, शिक्षेसाठी नव्हे. चौथी, मोजमाप दुहेरी असावे. खरेदीदार जर पुरवठादाराला गुण देतो, तर बिल चुकते करण्यास लागणारे सरासरी दिवस त्याच पडद्यावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत असावेत. मोठ्या कंपन्यांना हे अवघड नाही. ४५ दिवसांपलीकडे थकलेल्या देण्यांचे सहामाही विवरण सरकारला सादर करण्याचे बंधन २०१९ सालीच त्यांच्यावर घालण्यात आले.

निघताना मी माझ्या विद्यार्थ्याला हेच सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "सर, त्यांच्या पडद्यावर माझा हात पोचत नाही." मात्र गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. स्वतःच्या पडद्यावर त्याने एक रकाना वाढवला आहे: प्रत्येक चालानापासून पैसे येईपर्यंतचे दिवस. सध्या तो चौकोन तांबडा आहे. त्याच्यासारख्या दहा-बारा जणांनी असेच आकडे एकत्र मांडले, तर एकट्याला जे बोलण्याची भीती वाटते ते संघटनेच्या बैठकीत नावे न घेता बोलता येईल, असे त्याला वाटते. त्याच्या अकरा कामगारांचा पगार त्या एका तांबड्या चौकोनावर अवलंबून आहे. आता निदान तो चौकोन भिंतीवर तरी आला आहे.