पितळ उघडे पडते तेव्हा

धातुशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. पण बार उडालेल्या काडतुसाची पुंगळी निरखून पाहायची वेळ आली ती निवृत्तीनंतर, टेक्सासमध्ये पुतण्याच्या गॅरेजात. तिथले हौशी नेमबाज रिकाम्या पुंगळ्या जमवून त्यांत नवा प्रायमर, दारू आणि गोळी भरतात. टेबलावर त्याने दोन ढीग केले होते. चकचकीत पुंगळ्या ठेवायच्या, काळवंडलेल्या मोडीत.

“काका, बरोबर आहे ना?”

बरोबर नव्हते.

पुंगळीचे पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. त्याची चकती टप्प्याटप्प्याने ओढून नळी करतात. प्रत्येक ओढीत पितळ कठीण होते, म्हणून मधूनमधून तापवावे लागते. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर ठोकणे थांबवून भांडे भट्टीत घालतो, तेही याचसाठी. शेवटी पुंगळीचे बूड कठीण ठेवतात आणि तोंड तापवून मऊ करतात. तोंडाजवळचा निळसर पट्टा ही त्या आचेची खूण. तो दोष नव्हे. पुतण्याने नेमक्या अशाच कितीतरी पुंगळ्या मोडीत काढल्या होत्या.

खरा धोका बुडाशी असतो. दर बाराला पुंगळी थोडी ताणली जाते आणि बुडाच्या जरा वर तिची भिंत आतून पातळ होत जाते. बाहेरून तिथे कधी उजळ कडे दिसते, कधी काहीच दिसत नाही. बारीक तारेचे टोक वाकवून आतून फिरवले की ते खाचेत अडते. अशी पुंगळी तिथेच तुटली तर तापलेला वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. तोंडाशी उभी चीर गेलेली त्यामानाने कमी घातक, पण तीही मोडीतच टाकावी. नवा प्रायमर काही जोर न लावता बसला, तर बूड सैल झाले समजावे.

“आणि ही चकाकी कशाने आणलीस?”

त्याने पितळ पुसायच्या औषधाची बाटली दाखवली. त्यात अमोनिया होता.

ब्रिटिश फौजेने हिंदुस्थानात या अमोनियाची किंमत मोजली आहे. पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या, एकही बार न उडता, आपोआप तडकत. कारण उलगडायला १९२१ साल उजाडले: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतली ओल आणि घडणीच्या वेळी पितळात कोंडून राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की कणाकणांच्या सीमांवरून भेगा धावतात. पुंगळ्या मंद आचेवर तापवून तो ताण उतरवणे हा त्यावरचा उपाय ठरला. अशी भेग सुरुवातीला नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही, म्हणूनच मला त्या बाटलीची धास्ती वाटली.

पुतण्या जरा हिरमुसला. चकचकीत ढीग सगळाच मोडीत गेला. मग तार वाकवून आम्ही काळवंडलेल्या पुंगळ्या तपासायला बसलो. सातवीत तार अडली.