पडीक म्हणून मोजलेला माळ

एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की जमिनीवर सुमारे चार हजार लिटर पाणी येते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे एकरी साधारण २८ लाख लिटर. यातले किती ओढ्याने वाहून जायचे, किती पिकाच्या मुळाशी राहायचे, किती उन्हाने उडून जायचे आणि किती मुरून विहिरीला लागायचे, हे त्या जमिनीच्या पोतावर आणि तिच्या वापरावर ठरते. वापर बदलला की पाण्याची ही वाटणीही बदलते. मराठवाड्यात ती बदलताना डोळ्यांनी पाहायची असेल, तर जालना रस्त्यावरच्या करमाडला जावे.

शहरापासून वीसेक किलोमीटरवर असलेले हे गाव. अलीकडे शेंद्र्याची औद्योगिक वसाहत, पलीकडे जालना जिल्ह्याची हद्द. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतला शेंद्रा-बिडकीन टप्पा सुमारे दहा हजार एकरांचा आहे. त्यातल्या शेंद्र्याच्या बाजूच्या सुमारे दोन हजार एकरांसाठी करमाड, लाडगाव आणि कुंभेफळ या गावांच्या जमिनी गेल्या. तिथे ‘ऑरिक’ हे औद्योगिक शहर उभे राहिले. त्याच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. त्याच परिसरात आजही मोसंबीच्या बागा आहेत, अद्रकाचे गादीवाफे आहेत, कापूस आणि मका आहे. कारखान्याची भिंत आणि कपाशीची शेवटची ओळ यांच्यामध्ये कुठे कुठे फक्त एक पाणंद उरली आहे.

या शिवाराच्या पोटात काय आहे, ते आधी पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले आणि थंड होऊन त्यांचा बसाल्ट झाला. प्रत्येक थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झाला आणि पुढे हवापाण्याने झिजून त्याचा मुरूम बनला. मधला भाग मात्र एकसंध, कठीण काळा पाषाण राहिला. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या भागात आणि भेगांमध्ये. म्हणूनच एका शेतकऱ्याच्या विहिरीला चाळीस फुटांवर पाणी लागते आणि बांधापलीकडच्याची विहीर कोरडी निघते. या खडकाची साठवणही तुटपुंजी आहे. भूजलाच्या सरकारी अंदाजपत्रकात बसाल्टसाठी शंभर भाग खडकातून जेमतेम दोन भाग पाणी मिळते असे धरतात. म्हणजे पाण्याची पातळी एक मीटरने उतरली, तर एकरामागे आपण फक्त ऐंशी हजार लिटर पाणी वापरलेले असते. इथल्या विहिरी पावसाळ्यात झपाट्याने भरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तितक्याच झपाट्याने तळ गाठतात, त्याचे कारण हे आहे.

त्याच अंदाजपत्रकात झिजलेल्या बसाल्टमध्ये पडत्या पावसाच्या सात टक्के आणि सच्छिद्र, भेगाळ बसाल्टमध्ये तेरा टक्के पाणी मुरते असे गृहीत धरलेले असते. कमीत कमी आकडा घेतला तरी एकरी वर्षाला दोन लाख लिटर होतात. दोन हजार एकरांचे झाले चाळीस कोटी लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरच्या निकषाने हे जवळपास वीस हजार माणसांचे वर्षाचे पिण्या-वापरण्याचे पाणी आहे. औद्योगिक शहरातली सगळीच जमीन काँक्रीटखाली जात नाही, मोकळ्या जागा आणि झाडांचे पट्टे राहतात, त्यामुळे प्रत्यक्षातली तूट याहून कमी असणार. पण किती कमी, हे मोजावे लागेल. उद्योगांना लागणारे पाणी जायकवाडीतून येते, त्यामुळे त्यांच्या नळावर ही तूट कधीच दिसणार नाही. ती दिसेल उताराकडच्या गावांच्या विहिरींत.

आता मातीकडे वळू. करमाडच्या सखल भागात खोल काळी माती आहे. तिच्यातले माँटमोरिलोनाइट हे चिकण-खनिज पाणी प्यायले की फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात तिला हात हात खोल भेगा पडतात. रोहिणी-मृगाचे पहिले पाणी या भेगांतून थेट खाली जाते. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचा पाऊस शेतावरून वाहू लागतो. मात्र मीटरभर खोल काळी माती पिकाला उपयोगी पडेल असे सुमारे दोनशे मिलिमीटर पाणी स्वतःत धरून ठेवते. पाऊस परतल्यावर थेंबभर सिंचन न करता शाळू ज्वारी पिकते, ती या ओलीच्या भरवशावर.

नेमक्या याच गुणामुळे काळी माती इमारतीच्या पायाला चालत नाही. फुगणाऱ्या-आकसणाऱ्या जमिनीवर भिंती तडकतात, रस्ते लाटांसारखे होतात. म्हणून बांधकामाआधी ती उकरून काढतात आणि तिच्या जागी मुरूम भरून दाबतात. मुरूम आणायचा कुठून? आसपासच्या माळांवरून आणि टेकड्यांच्या उतारांवरून. मला या सगळ्या बदलात सर्वांत काळजीचा भाग हाच वाटतो. मुरमाड माळाला शेतकरी बरड म्हणतात. त्याच्यावर माती वीतभर, पीक बेताचे. पण चिकणमातीचे झाकण नसल्याने आणि खाली झिजलेला खडक लगेच लागत असल्याने पाणी मुरते ते मुख्यतः अशाच जागी. १९७२च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर पाझर तलाव बांधले गेले, तेव्हा जागा निवडणाऱ्यांनी वरच्या अंगाचे मुरमाड उतार शोधले होते. सखल काळ्या रानातल्या विहिरीचे पाणी बहुतेक वेळा वरच्या माळावर पडलेले असते. एका कारखान्यासाठी काळी जमीन गेली की तिची ओल धरण्याची ताकद जाते, आणि तिच्या भरावासाठी माळ खणला की मुरण्याची जागाही जाते. भूसंपादनाच्या कागदावर यातला पहिलाच बदल येतो.

शेजारच्या जालना तालुक्यातल्या कडवंची गावाने हे उलट बाजूने दाखवून दिले. विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम राबवला गेला. काम माथ्यापासून पायथ्याकडे झाले. आधी माळावर सलग समतल चर, मग बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यावरचे बांध. पुढे २०१२-१३च्या भीषण दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा जळून गेल्या, तेव्हा कडवंचीच्या द्राक्षबागा तगल्या.

जमिनीचा वापर अभ्यासण्याचे आजचे मुख्य साधन उपग्रह आहे. १९७२पासून अमेरिकेचे लँडसॅट आणि १९८८पासून भारताचे आयआरएस उपग्रह हे काम करत आले. युरोपचा सेंटिनेल-२ दहा मीटर बाजूच्या चौकोनापर्यंतचा तपशील टिपतो आणि दर पाच दिवसांनी त्याच जागेवर परत येतो. हिरवे पान लाल प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोहोंच्या प्रमाणावरून कुठे पीक आहे, कुठे नाही, ते संगणक सांगतो. करमाडचा ऑक्टोबरचा नकाशा हिरवा दिसेल. मार्चमध्ये बागायत तेवढी ठिपक्यांसारखी उरेल, आणि कापूस काढलेले रान व गवत वाळलेला माळ जवळपास सारखे दिसू लागतील. एकाच हंगामाच्या चित्रावरून वर्गवारी केली, तर माळ हमखास ‘पडीक’ या रकान्यात जातो. एकदा पडीक ठरला की तो फुकटचा ठरतो.

एकाच वेळचे चित्र किती फसवू शकते, याचे आणखी एक उदाहरण आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केले. भारतातल्या ८४ शहरांचे उपग्रहावरून मोजलेले पृष्ठतापमान त्यांनी तपासले. उन्हाळ्यात भर दिवसा बहुतेक शहरांचा पृष्ठभाग भोवतालच्या ग्रामीण भागापेक्षा थंड निघाला, कारण त्या काळात शेते मोकळी आणि तापलेली असतात. रात्री मात्र चित्र उलटे होते. दिवसभर साठवलेली उष्णता शहरे रात्री सोडत राहतात. करमाडमध्ये कुणी मे महिन्यातल्या दुपारचे एकच छायाचित्र घेऊन औद्योगिक वसाहतीने परिसर गार केला असे म्हणू लागले, तर त्याला त्याच जागेचे रात्रीचे तापमान दाखवावे लागेल.

उपग्रहाला न दिसणारी गोष्ट म्हणजे जमिनीशी असलेले माणसाचे नाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९८ साली ‘पीपल अँड पिक्सेल्स’ नावाचा ग्रंथ काढला, तो याच पेचावर. आपल्याकडे त्यासाठी सातबारा आहे. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो नोंदवतो. जमिनीच्या वापराची इतकी बारीक माहिती फार थोड्या देशांकडे असेल. पण सातबारा मालकाचा. सालगडी, बटईने करणारा, खुरपणीला जाणाऱ्या बाया, माळावर मेंढरे आणणारा धनगर यांची त्यावर नोंद नाही. गायरानाची गोष्ट तर मराठवाड्यात फार जुनी आहे. पन्नाशी-साठीच्या दशकांत दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, दलित कुटुंबांनी गायराने कसायला घेतली, आणि १४ एप्रिल १९९० पूर्वीच्या अशा अतिक्रमणांना नियमित करण्याचा निर्णय सरकारने १९९१ साली घेतला. नकाशावर जो माळ पडीक, त्यावर कुणाच्या तरी दोन एकरांची बाजरी आणि चार शेळ्या उभ्या असतात.

२०१३च्या भूसंपादन कायद्याने मजूर, कूळ आणि बटईदार यांनाही बाधित कुटुंब मानले आणि सामाजिक आघाताचा अभ्यास बंधनकारक केला. औद्योगिक वसाहतींसाठी जमीन घेतली जाते ती मात्र १९६१च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाखाली, आणि त्यात अशा अभ्यासाची अट नाही. दुसरीकडे, कारखान्यांमुळे नवी माणसे आली आहेत. करमाड, कुंभेफळ, शेंद्रा इथल्या भाड्याच्या खोल्यांत राहणारे परप्रांतीय कामगार २०११च्या जनगणनेच्या आकड्यात नाहीत. ८ मे २०२० रोजी बदनापूर आणि करमाडच्या दरम्यान रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी ती माणसे मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी चालत निघाली होती. हा पट्टा किती माणसांच्या घामावर चालतो आणि त्यातली किती नोंदीबाहेर आहेत, हे त्या दिवशी देशाला कळले. पाणीपुरवठ्याची गणिते करताना तरी ही माणसे धरायला हवीत.

बदल फक्त कारखान्यांनी घडवला असे म्हणणे शेतकऱ्यांवरही अन्याय करणारे होईल, कारण त्यांनीही आपली जमीन वेगळ्या तऱ्हेने वापरायला घेतली आहे. ज्वारी-बाजरीच्या जागी मोसंबी, अद्रक, डाळिंब आले. मोसंबीला बहर धरण्यासाठी ताण द्यावा लागतो हे खरे, पण ताण तुटल्यावर फळ उतरेपर्यंत पाणी लागतेच, आणि आंबे बहराचे फळ झाडावर असते ते ऐन उन्हाळ्यात. त्यासाठी शेततळी आली. ‘वॉटर’ संस्थेतले संशोधक ईश्वर काळे यांनी २०१७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त महाराष्ट्रातल्या शेततळ्यांवर लिहिताना दाखवले, की प्लास्टिकचा कागद अंथरलेली अनेक तळी पावसाच्या पाण्याने नव्हे, तर विहिरी आणि बोअर उपसून भरली जातात. जमिनीखाली सुरक्षित असलेले सामाईक पाणी वर आणून उन्हात ठेवले जाते. ज्याच्याकडे तळे खोदायची ऐपत, त्याच्या नावावर ते जमा होते.

मोजण्याच्या पद्धती आपल्याकडे तयार आहेत. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने गावनिहाय पाण्याचा ताळेबंद काढण्याची रीत बसवली. पाऊस, मातीचा प्रकार, उतार आणि पीक दिले की अपधाव किती, ओल किती, मुरणारे किती हे त्यातून निघते. मराठवाडा आणि विदर्भातल्या हजारो गावांत ती वापरली गेली. तीच रीत औद्योगिक क्षेत्राला लावायला काहीच हरकत नाही, आणि लावली तर एक आशादायक आकडा हाती येतो. एक एकर पत्र्याच्या छतावर पडणाऱ्या २८ लाख लिटरांपैकी ऐंशी टक्के पाणी सहज गोळा होते, म्हणजे २२ लाख लिटरांहून अधिक. निसर्गतः एक एकर जमीन मुरवते त्याच्या अकरा पट. छतावरचे स्वच्छ पाणी गाळून, आवारातल्या तेलकट पाण्यात मिसळू न देता, वरच्या अंगाच्या जुन्या पाझर तलावांत आणि न खणलेल्या माळांवर सोडले, तर गमावलेले पुनर्भरण भरून काढता येईल. त्यासाठी माळ शिल्लक हवा. मुरूम उत्खननाचा परवाना देताना त्या जागी किती पाणी मुरते, याची नोंद मागितली तरी पुष्कळ होईल.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. पाऊस महसूल मंडळाच्या एका केंद्रावर मोजला जातो, आणि चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची अतिवृष्टी झाली की नाही हे त्यावरून ठरते. वळवाचा पाऊस एका शिवारात कोसळतो आणि शेजारचे कोरडे ठेवतो, त्यामुळे ही जाळी करमाडसारख्या ठिकाणी फार विरळ पडते. माळालगतच्या दहा विहिरी, कारखान्यांलगतच्या दहा आणि बागायतीतल्या दहा निवडून याच चार महिन्यांत गावकऱ्यांनी त्यांची पातळी घ्यावी, प्रत्येक वाडीवर एक साधा पर्जन्यमापक असावा. पाच पावसाळ्यांत कुठली विहीर कशामुळे उतरली, हे वेगळे काढता येण्याइतका मजकूर जमेल. कांचनवाडीची वाल्मी, हिमायतबागेचे फळ संशोधन केंद्र आणि शहरातले विद्यापीठ, तिघेही इथून तासाभराच्या आत आहेत. दोरीला बांधलेला टेप, वही आणि शाळेतली दहावीची मुले एवढ्यावर पहिली नोंद येत्या ऑक्टोबरात करता येईल.