औषधी भुकटी वाळवण्याचे प्रयोगशाळेतील उपकरण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

औषधाचे मूळ द्रव्य तयार झाले की ते द्रावणातून स्फटिकरूपात वेगळे काढतात, गाळतात, धुतात आणि शेवटी वाळवतात. तारापूर, महाड किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींतील औषध-रसायनांच्या कारखान्यांत या कामासाठी ट्रे ड्रायर असतात, फिरते व्हॅक्युम ड्रायर असतात आणि ‘एएनएफडी’ही असतो. एएनएफडीमध्ये गाळणे, धुणे आणि वाळवणे एकाच बंद भांड्यात होते. तळाशी गाळणीचा पडदा, भोवती गरम पाण्याचे जॅकेट आणि मधोमध वर-खाली सरकणारा अ‍ॅजिटेटर अशी त्याची रचना असते. त्यात शेकडो किलोंची बॅच घालण्याआधी शे-दोनशे ग्रॅमवर अभ्यास करणे शहाणपणाचे. मात्र या अभ्यासाच्या उपकरणाविषयी बरेच चुकीचे समज रूढ आहेत.

मोठ्या यंत्राची हुबेहूब छोटी प्रतिकृती केली की काम झाले, हा त्यांतला सर्वांत महागात पडणारा समज. १० सेंटीमीटर व्यासाच्या भांड्यात भुकटीच्या प्रत्येक घनमीटरमागे तापलेल्या बाजूच्या भिंतीचे क्षेत्रफळ ४० चौरस मीटर पडते. १ मीटर व्यासाच्या भांड्यात ते फक्त ४ चौरस मीटर असते. म्हणजे छोट्या भांड्यातल्या भुकटीला दहापट भिंत मिळते आणि ती झटपट वाळते. या वेगावरून कारखान्यातला वेळ काढला तर अंदाज साफ चुकतो. म्हणून अभ्यासाच्या उपकरणात बाजूच्या भिंतींना उष्णतारोधक आवरण घालून फक्त तळ तापवणे सोयीचे ठरते. उष्णता एकाच दिशेने आत गेली की दर चौरस मीटरमागे ती किती गेली याचा हिशेब मांडता येतो, आणि हाच आकडा मोठ्या यंत्राकडे नेता येतो. आणखी एक अडचण सहज नजरेतून सुटते. छोट्या उपकरणात भुकटीच्या मानाने धातूच फार असतो. जाड तापमापक त्या उथळ थरात खुपसला तर तो भुकटीपेक्षा स्वतःच्या दांड्यातून वाहत आलेल्या उष्णतेचेच तापमान दाखवतो. तिथे बारीक तारेचा थर्मोकपल हवा.

तापमान वाढवले की वाळण्याचा वेग वाढतो, हे अर्धसत्य आहे. सुरुवातीला कणांच्या पृष्ठभागावर मोकळे द्रावक असते, तेव्हा जितकी उष्णता पोहोचेल तितकी वाफ निघते आणि वेग जवळजवळ स्थिर राहतो. पुढे द्रावक कणांच्या सापटींत आणि छिद्रांत उरते व वेग घसरत जातो. पहिल्या टप्प्यातच जास्त तापवले तर औषधाचा काही भाग गरम द्रावकात विरघळतो आणि ते द्रावक उडताना कणांना एकमेकांशी सांधून टाकतो. असे झालेले खडे नंतर चाळून फुटत नाहीत.

व्हॅक्युमचेही तसेच. दाब १०० मिलिबारवर आणला की पाणी सुमारे ४६ अंश सेल्सिअसला उकळते. उष्णतेने बिघडणाऱ्या औषधांसाठी हा मोठाच फायदा आहे. पण दाब खूप खाली नेला की भिंत आणि कण यांच्यामधल्या फटीतील वायू विरळ होतो आणि उष्णता पुढे पोहोचवण्याची त्याची क्षमता घटते. कार्ल्सरूह येथील श्ल्युंडर यांनी तापलेल्या पृष्ठभागावरील वाळण्याचे जे गणिती प्रारूप मांडले, त्यात भिंतीलगतच्या या अडथळ्याला महत्त्वाचे स्थान आहे. शिवाय छोट्या उपकरणात अ‍ॅजिटेटरच्या दांड्याच्या सीलमधून होणारी किंचित हवागळतीही सगळी मोजमापे बिघडवू शकते. म्हणून प्रत्येक प्रयोगाआधी पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करून दाब किती वेगाने चढतो ते पाहावे लागते.

सतत ढवळत राहिले की भुकटी एकसारखी वाळते, असे मानणाऱ्यांची संख्या बरीच आहे. इथे कणीक मळण्याचा अनुभव कामी येतो: कोरडे पीठ हलवायला जोर लागत नाही, पातळ पिठालाही लागत नाही, मधल्या घट्ट गोळ्याला मात्र मनगट दुखते. ओली भुकटी वाळत जाताना एका ठरावीक ओलाव्याच्या पट्ट्यात अशीच चिवट होते आणि त्या पट्ट्यात ढवळले तर गोळे वळतात. पूर्ण कोरडी झाल्यावर ढवळत राहिले तर स्फटिक, विशेषतः सुईसारखे लांब स्फटिक, मोडून चूर होतात. तेव्हा ढवळावे कधी आणि थांबावे कधी, हेच उपकरणाने सांगायला हवे. त्यासाठी अ‍ॅजिटेटरच्या दांड्यावर टॉर्क मोजणारा सेन्सर लागतो. ओलाव्याबरोबर टॉर्क कसा चढतो आणि उतरतो याचा आलेख हाती आला की धोक्याचा पट्टा उघड दिसतो.

प्रति मिनिट फेरे सारखे ठेवले म्हणजे ढवळणे सारखे झाले, हेही खरे नाही. १० सेंटीमीटरचे पाते मिनिटाला ६० फेरे घेते तेव्हा त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ०.३१ मीटर असतो, आणि १.५ मीटरच्या पात्याला तोच वेग अवघ्या ४ फेऱ्यांत मिळतो. टोकाचा वेग जुळला तरी थराचे वजन जुळत नाही. घनमीटरला ५०० किलो भरणाऱ्या भुकटीच्या ३ सेंटीमीटर थराखाली सुमारे १५० पास्कल दाब असतो, तर ६० सेंटीमीटर थराखाली तो २,९०० पास्कलच्या आसपास जातो. भिंतींचे घर्षण काही वजन तोलून धरते हे यान्सन यांनी १८९५ मध्ये धान्याच्या कोठारांबाबत दाखवून दिले होते, त्यामुळे प्रत्यक्ष दाब याहून थोडा कमी भरेल. तरीही तफावत मोठीच राहते. प्रयोगशाळेत स्फटिक शाबूत राहतात आणि कारखान्यात त्यांचा चुरा होतो, त्याचे हे एक ठळक कारण. त्यावर उपाय म्हणून थरावर वजनदार सच्छिद्र झाकण ठेवतात किंवा वेगळ्या घर्षण-चाचणीत मोठ्या यंत्राइतका दाब देऊन कण घासून पाहतात.

मोजमापाबाबत सर्वांत मोठा भ्रम एलओडीचा. नमुना तापवून वजनात आलेली घट म्हणजे एलओडी. पण ही घट पाण्याची, मेथॅनॉलची की औषधाच्याच विघटनाची, हे ती सांगत नाही. पाण्यासाठी कार्ल फिशर पद्धत आणि द्रावकांसाठी गॅस क्रोमॅटोग्राफी हवीच. औषधांच्या नियमांत एकसूत्रता आणणाऱ्या ‘आयसीएच’ या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार औषधात मेथॅनॉल ३,००० पीपीएम, टोल्यूइन ८९० पीपीएम आणि डायक्लोरोमिथेन ६०० पीपीएमपर्यंतच चालते. सरासरी नमुना स्वच्छ असला तरी एखाद्या गोळ्याच्या पोटात द्रावक दडलेले असू शकते. म्हणून गोळे वेगळे काढून, फोडून तपासावे लागतात.

जितके कोरडे तितके चांगले, हा समज तर काही औषधांच्या मुळावर येतो. अ‍ॅमॉक्सिसिलिन ट्रायहायड्रेटच्या स्फटिकात सुमारे १२.९ टक्के पाणी रचनेचाच भाग असते. ते पळवले की स्फटिकाची बांधणी ढासळते आणि टिकाऊपणा घटतो. अशा द्रव्यासाठी उपकरणात कणांचे रूप पाहणारा रामन किंवा निअर-इन्फ्रारेड प्रोब असेल तर थांबण्याची वेळ चुकत नाही.

उपकरण छोटे म्हणून सुरक्षित, असेही नव्हे. व्हॅक्युममधले काचेचे भांडे आतल्या बाजूला फुटू शकते, मेथॅनॉलची वाफ पेट घेते आणि कोरड्या भुकटीत स्थिर विद्युत साठते. संरक्षक आवरण, अर्थिंग आणि व्हॅक्युम सोडताना हवेऐवजी नायट्रोजन, ही किमान तयारी.

उरतो तो एकाच उपकरणात सारे साधेल हा समज. उष्णतेचे क्षेत्रफळ, पात्याचा वेग, एकूण फेरे आणि थराचा दाब या चारही गोष्टी छोट्या भांड्यात एकाच वेळी मोठ्या यंत्राशी जुळवता येत नाहीत. त्यामुळे वाळण्याचा वेग मोजण्यासाठी न ढवळणारा तापता कक्ष, गोळे आणि चुरा यांच्यासाठी टॉर्क मोजणारे दुसरे भांडे आणि दोन्ही जोडायला गणित, ही विभागणी जास्त भरवशाची आहे. पैसे एकाच सुधारणेपुरते असतील, तर ते टॉर्क सेन्सरवर खर्च करावेत.