पायात रुतलेला खिळा आणि दोन जिवांची काळजी

दिल्ली आणि तिच्या भोवतालचा राजधानी परिसर गेली अनेक वर्षे अखंड बांधला जात आहे. गुरुग्राम, नोएडा, ग्रेटर नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद या शहरांत एक इमारत पुरी होते न होते तोच शेजारी दुसरीचा पाया खणला जातो. सेंट्रिंगच्या फळ्यांतून डोके वर काढणारे खिळे, तारांचे तुकडे आणि फुटक्या फरशांचे कपचे रस्त्याच्या कडेला विखुरलेले असतात. पातळ चपलेच्या तळव्यातून खिळा आरपार जाणे ही येथे नवलाची गोष्ट नाही.

एरवी अशा जखमेकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. जखम गर्भवती स्त्रीला झाली, की मात्र घरात शंकांचे काहूर उठते. धनुर्वात तर होणार नाही ना? इंजेक्शन घ्यावे, तर बाळाला अपाय होणार नाही ना? नोकरी-व्यवसायानिमित्त महाराष्ट्रातून दिल्लीत आलेल्या कुटुंबांत सासर आणि माहेर दोन्ही दूर असतात. सल्ला दूरध्वनीवरून येतो आणि पुष्कळदा तो परस्परविरोधी असतो. एक म्हणते, ‘लगेच टीटी घे’. दुसरी म्हणते, ‘या दिवसांत सुई नकोच’. या दोन मतांमध्ये वेळ दवडला जातो, आणि खरा धोका त्या विलंबात असतो.

लहान तोंडाची, खोल जखम

धनुर्वात गंजामुळे होतो, ही समजूत सर्वत्र आढळते. वास्तविक गंज हा केवळ एक निमित्तमात्र साथीदार आहे. रोगाचे मूळ ‘क्लॉस्ट्रिडियम टेटानी’ या जिवाणूत आहे. त्याचे बीजाणू माती, धूळ आणि जनावरांचे शेण यांत वर्षानुवर्षे टिकून राहतात. कोरा चकचकीत खिळा, बाभळीचा काटा किंवा बांबूची कूस मातीने माखलेली असेल, तर तीही तितकीच धोक्याची.

या जिवाणूला प्राणवायू सोसत नाही. खरचटलेल्या उघड्या जखमेत त्याचे फारसे चालत नाही. खिळ्याची जखम मात्र वरून बारीक आणि आतून खोल असते. वरची त्वचा चटकन मिटते आणि आत प्राणवायूविरहित पोकळी उरते. तेथे बीजाणू रुजतात व एक अत्यंत जहाल विष निर्माण करतात. ते मज्जातंतूंवर आघात करते. प्रथम जबडा आखडतो, मग मान आणि पाठ ताठरते, गिळणे कठीण होते आणि आचके येऊ लागतात. ही लक्षणे जखमेनंतर बहुधा तीन ते एकवीस दिवसांत दिसू लागतात. तोवर जखम भरून आलेली असते आणि तिची आठवणही पुसट झालेली असते.

सुश्रुतांपासून कितासातोंपर्यंत

हा रोग आपल्या वैद्यकाला नवा नाही. शरीर धनुष्यासारखे वाकवणाऱ्या ‘धनुःस्तंभ’ या विकाराचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. गर्भपात, अतिरक्तस्राव किंवा आघात यांमुळे होणारा आचक्यांचा विकार असाध्य असतो, असे त्या ग्रंथाने नोंदवले आहे. जखम आणि मातृत्व यांचा या रोगाशी असलेला संबंध प्राचीन निरीक्षकांच्या नजरेतून सुटला नव्हता. उणीव होती ती उपायाची.

तो उपाय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दृष्टिपथात आला. १८८४ मध्ये आर्थर निकोलायर यांनी माती टोचून प्राण्यांत धनुर्वात निर्माण होतो, हे दाखवले. १८८९ मध्ये जपानी शास्त्रज्ञ शिबासाबुरो कितासातो यांनी हा जिवाणू शुद्ध स्वरूपात वेगळा काढला. पुढच्याच वर्षी कितासातो आणि एमिल फॉन बेरिंग यांनी रक्तद्रवातील प्रतिविषाचा शोध जाहीर केला. १९२० च्या दशकात विषाची मारक शक्ती काढून घेऊन ‘टॉक्सॉइड’ तयार झाले. आजची लस म्हणजे हेच टॉक्सॉइड होय.

दोन जीव, एक लस

गर्भवतीच्या मनातील शंकेचे उत्तर याच इतिहासात दडलेले आहे. या लसीत जिवंत जिवाणू नसतो. असतो तो केवळ निर्विष केलेला अंश. त्यामुळे लसीतून धनुर्वात होण्याचा संभव नाही. गोवर-रुबेला किंवा कांजिण्या यांच्या जिवंत लसी गरोदरपणात टाळतात, परंतु धनुर्वाताची लस त्या वर्गात मोडत नाही. अनेक दशके जगभरातील गर्भवतींना ती देण्यात येत आहे. दंड दुखणे, किंचित सूज वा कणकण यांपलीकडे तिचा त्रास क्वचितच होतो.

एवढेच नव्हे, तर ही लस बाळाचे पहिले कवच असते. मातेच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून गर्भाकडे जातात आणि जन्मानंतरच्या नाजूक आठवड्यांत बाळाचे रक्षण करतात. अस्वच्छ पात्याने नाळ कापल्याने किंवा नाळेवर शेण, राख लावल्याने नवजात बालकाला धनुर्वात होत असे. जन्मानंतर आठवडाभरात दूध ओढणे बंद करून दगावणाऱ्या अशा बाळांमुळे त्याला अनेक प्रदेशांत ‘आठव्या दिवसाचा आजार’ असेच नाव पडले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १९८८ या एका वर्षात जगात सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बालके या रोगाने मृत्यू पावली.

भारतात १९७८ मध्ये सुरू झालेला लसीकरण कार्यक्रम, १९८५ पासूनचे सार्वत्रिक लसीकरण, स्वच्छ बाळंतपणाचा प्रसार आणि रुग्णालयातील प्रसूतींत झालेली वाढ यांमुळे चित्र पालटले. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, नाळ बांधण्याचा स्वच्छ दोरा आणि नाळेवर काहीही न लावणे, ही पंचसूत्री गावोगावच्या दायांपर्यंत पोहोचली. २०१५ मध्ये माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे दूरीकरण भारताने साध्य केल्याचे प्रमाणित झाले. प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, हा त्याचा निकष आहे. याचा अर्थ रोग नामशेष झाला, असा मात्र नाही. देवीचा रोग माणसाकडून माणसाला होत असे, म्हणून तो संपवता आला. धनुर्वाताचे बीजाणू मातीतच आहेत आणि तेथेच राहणार. म्हणून प्रत्येक पिढीने आणि प्रत्येक मातेने हे कवच नव्याने धारण करावे लागते.

पहिली पंधरा मिनिटे

जखम होताच गर्भवतीला बसवावे, धीर द्यावा आणि आपले हात साबणाने धुवावेत. थोडे रक्त वाहू द्यावे; मात्र जखम जोराने पिळू नये. नंतर वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने ती काही मिनिटे नीट धुवावी. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे व पाय उंच ठेवावा. खिळा किंवा काच खोलवर रुतून बसली असेल, तर ती घरी उपसू नये. तशीच आधार देऊन रुग्णालय गाठावे. हळद, चुना, तूप, माती, गाडीचे तेल यांपैकी काहीही जखमेत भरू नये. खोल जखमेचे तोंड पट्टीने गच्च बंद करणे म्हणजे जिवाणूला हवी असलेली कोंदट जागा आयती देणे होय.

चप्पल किंवा बूट घातलेला असताना खिळा रुतला असेल, तर रबराचा वा कापडाचा बारीक तुकडा आत राहू शकतो. हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पायाचा एक्स-रे आवश्यक वाटल्यास घाबरू नये. पोटापासून दूर असलेल्या भागाच्या अशा चित्रणात गर्भापर्यंत पोहोचणारा किरणोत्सर्ग नगण्य असतो. औषधे मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. वेदनेसाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चालते. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी औषधे, विशेषतः गरोदरपणाच्या उत्तरार्धात, टाळावी लागतात. प्रतिजैविकाची निवडही डॉक्टर गर्भावस्था ध्यानात घेऊनच करतात. म्हणून ‘दिवस गेले आहेत’ हे वाक्य औषधाच्या दुकानातही पहिल्यांदा सांगावे.

लस केव्हा आणि किती?

निर्णय दोन गोष्टींवर ठरतो: जखम कशी आहे, आणि पूर्वी किती मात्रा झाल्या आहेत. आयुष्यात तीन किंवा अधिक मात्रा झाल्याची खात्री असेल, तर स्वच्छ व किरकोळ जखमेसाठी दहा वर्षांच्या आत पुन्हा लस लागत नाही. मातीने माखलेल्या खोल जखमेसाठी ही मर्यादा पाच वर्षांची मानतात. तीनहून कमी मात्रा झाल्या असतील किंवा काहीच आठवत नसेल, तर लस घ्यावी. जखम मळलेली असल्यास लसीबरोबर धनुर्वाताचे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे, शरीराच्या दुसऱ्या जागी टोचतात. लसीचा परिणाम होण्यास दिवस लागतात. तोवरची पोकळी ही प्रतिपिंडे भरून काढतात. गरज असेल तेव्हा गरोदरपणातही ती देता येतात.

सरकारी कार्यक्रमात आता टीटीऐवजी ‘टीडी’ ही लस देतात. धनुर्वाताबरोबरच ती घटसर्पापासूनही संरक्षण देते. पहिली मात्रा गरोदरपणाची नोंद होताच आणि दुसरी चार आठवड्यांनी देतात. मागील तीन वर्षांत आधीच्या गरोदरपणात दोन मात्रा झाल्या असतील, तर एक वर्धक मात्रा पुरते. जखमेच्या वेळी घेतलेली मात्रा प्रसूतिपूर्व तपासणीत जरूर सांगावी, म्हणजे पुढील मात्रांचा हिशेब त्याप्रमाणे लावता येतो. काही रुग्णालये सत्तावीस ते छत्तीस आठवड्यांच्या दरम्यान डांग्या खोकल्यापासूनही रक्षण करणारी ‘टीडॅप’ लस सुचवतात.

‘चोवीस तास उलटले, आता काय उपयोग?’ हा विचार चुकीचा आहे. लस लवकर घेणे उत्तमच. पण उशीर झाला म्हणून ती टाळू नये. याउलट ‘प्रत्येक खरचटण्याला, दर सहा महिन्यांनी टीटी’ ही सवयही अनावश्यक आहे. वारंवार घेतलेल्या मात्रांनी दंडावर मोठी, दुखरी सूज येऊ शकते.

जखमेभोवती वाढती लाली, पू, ताप, जबड्याचा ताठरपणा, गिळताना त्रास किंवा बाळाची हालचाल मंदावल्याची शंका, यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच क्षणी रुग्णालयात जावे. जखम कुत्र्याच्या चाव्याची असेल तर रेबीजची लस, आणि वापरलेल्या सुईची असेल तर त्या संसर्गांवरील उपचार, हे दोन्ही स्वतंत्र व तातडीचे विषय आहेत. गरोदरपण हे त्यांना नकार देण्याचे कारण होऊ शकत नाही.

नोंद जपा

राजधानी परिसरातील कुटुंबे सतत घरे बदलतात. पहिली तपासणी दिल्लीत, पुढची गाझियाबादेत आणि बाळंतपण माहेरी, असा प्रवास अनेकींचा होतो. अशा वेळी मात्रांचा एकमेव पुरावा म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड. ते हरवले, की डॉक्टरांना लस झालीच नाही असे धरून चालावे लागते. पासबुक जसे आपण जपतो, तसेच हे कार्ड जपावे. त्याचे छायाचित्र पती-पत्नी दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवावे. बांधकामावर राबणाऱ्या, घरकामाला येणाऱ्या भगिनींनाही या कार्डाविषयी जरूर विचारावे. सरकारी दवाखान्यांत ही लस विनामूल्य मिळते, हे त्यांतील अनेकींना ठाऊक नसते. दोन मिनिटांची ती विचारपूस एका मातेचे आणि अजून न जन्मलेल्या एका जिवाचे रक्षण करू शकते.