समजलं? परत सांगा!

१९८० च्या दशकात मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत अधिकारी होतो. आमच्या शाखेच्या तिजोरीत नोटांच्या बंडलांशेजारी एक पुस्तक असे. मॅनेजरसाहेबांची आणि माझी अशा दोन किल्ल्या फिरल्याशिवाय ते बाहेर येत नसे. ते होतं तारेनं पैसे पाठवण्याचं सांकेतिक पुस्तक. मुंबईत कुणी पैसे भरले की तिथली शाखा आम्हाला तार करी. तारेत रकमेबरोबर पडताळणीचा एक आकडा असे. पुस्तकातले तक्ते पाहून तारीख, रक्कम, शाखा यांच्यावरून आम्ही तोच आकडा आमच्याकडे काढायचा. जुळला तर पैसे द्यायचे, नाही तर नाही. लाखो रुपयांची फसवणूक त्या एका आकड्यानं अडत असे.

एका दुपारी एक म्हातारे शेतकरी आले. टोपी हातात घेऊन म्हणाले, "साहेब, पोरानं पैसं लावून दिल्यात. म्हातारीला मिरजंला न्यायची हाय." तार आली होती. मी पुस्तक काढलं, आकडा मांडला. एका अंकाचा फरक! पुन्हा मांडला, तोच फरक. चूक मुंबईच्या कारकुनाची, वाटेतल्या कुणाची की माझीच, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मी त्यांना म्हटलं, "टॅली होत नाही, उद्या या." ते थोडा वेळ काउंटरपाशी उभे राहिले आणि गेले. दुसऱ्या दिवशी खुलाशाची तार आली, मी पैसे दिले. म्हातारीला मिरजेला न्यायला एक दिवस उशीर झाला. पुढे तिचं काय झालं, मला कळलं नाही. विचारायचं धाडस मला झालं नाही, हे जास्त खरं.

नियमानं मी चुकलो नव्हतो. पण सांकेतिक भाषा या प्रकाराबद्दल तेव्हापासून मनात एक कुसळ राहिलं. पुढे एका कादंबरीत पोलीस नियंत्रण कक्षातला प्रसंग लिहायचा होता, म्हणून पोलिसांच्या बिनतारी संदेशांबद्दल वाचायला घेतलं, आणि त्यात गुंतूनच गेलो.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात १९२८ साली पोलिसांच्या गाड्यांत रेडिओ बसले. पण संवाद एकतर्फी! मुख्यालय बोलणार, गाडीतला शिपाई नुसता ऐकणार. ऐकलं की नाही, हे कळवायला त्यानं फोन शोधायचा. दोन्ही बाजूंनी बोलणं सुरू झालं ते १९३३ साली न्यू जर्सीतल्या बेयॉन या गावात. आणि बोलता येऊ लागल्याबरोबर नवी अडचण उभी राहिली. लहरी मोजक्या, गाड्या पुष्कळ. एक बोलत असला की बाकीच्यांनी गप्प बसायचं. आपल्याकडे पूर्वी ट्रंक कॉलवर तीन मिनिटांत सगळ्या घराची खुशाली विचारायची असे, तशीच ही घाई.

यावर इलिनॉय राज्याच्या पोलिसांतल्या चार्ल्स हॉपर या संदेश-अधिकाऱ्यानं १९३७ च्या सुमारास तोड काढली. नेहमीच्या वाक्यांना त्यानं क्रमांक दिले. 'टेन-फोर' म्हणजे निरोप मिळाला. 'टेन-ट्वेंटी' म्हणजे ठिकाण. इंग्रजी चित्रपटांतून हे 'टेन-फोर' आपल्याही कानांवरून गेलेलं असतं. आपली तारसेवा १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली, पण दिवाळीच्या आणि लग्नाच्या शुभेच्छांना नंबर असत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. युक्ती तीच.

पण प्रत्येक आकड्याआधी 'टेन' कशासाठी? याचं कारण मोठं मजेदार आहे. त्या वेळच्या गाडीतल्या रेडिओला बोलण्यासाठी आत एक छोटं जनित्र फिरावं लागे. बटण दाबल्यावर ते वेग घेईपर्यंत क्षणभर जाई आणि माणसाचा पहिला शब्द हवेतच विरे. नुसतं 'फोर' म्हटलं तर 'फोर'च नाहीसा! म्हणून पुढे 'टेन' लावला. तो गेला तरी हरकत नाही, मागचा आकडा पोचतो. म्हणजे 'टेन' हा शब्द मुळात हरवण्यासाठीच नेमलेला. मला हे फार आवडलं. यंत्राचा दोष त्या माणसानं मान्य केला आणि भाषेलाच थोडं सरकून बसायला सांगितलं.

आमच्या बँकेचा आकडा लपवण्यासाठी आणि पारखण्यासाठी होता. हॉपरचा आकडा मात्र ऐकू जाण्यासाठी होता. दोन्हींना संकेतच म्हणायचं, पण हेतू अगदी उलटे.

गंमत पुढेच आहे. चांगली कल्पना निघाली की प्रत्येक जण तिला आपापल्या घरचं अंगडं शिवतो. ठिकठिकाणच्या पोलिसांनी त्या आकड्यांचे अर्थ बदलले. मूळ यादीत 'टेन-वन' म्हणजे 'तुमचा आवाज नीट येत नाही.' शिकागोत मात्र 'टेन-वन' म्हणजे 'पोलीस संकटात आहे, मदतीला धावा!' मूळ यादीत 'टेन-थर्टीन' म्हणजे हवामानाची आणि रस्त्याची खबर, आणि न्यूयॉर्कमध्ये तोच आकडा म्हणजे संकटातल्या पोलिसाची हाक. एरवी हे चालून जातं, कारण जो तो आपल्या हद्दीत. पण महापूर, वादळ, मोठी आग अशा वेळी चार गावांची पथकं एका ठिकाणी येतात. तेव्हा एकानं जीव तोडून मदत मागावी आणि दुसऱ्यानं आपल्या रेडिओचा आवाज वाढवावा, असंही व्हायचं!

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये तर शब्दांपर्यंतही गोष्ट गेली नाही. जुळ्या मनोऱ्यांवर घिरट्या घालणाऱ्या पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून इमारतीच्या धोक्याचे इशारे दिले जात होते. पण अग्निशामक दलाचे रेडिओ निराळे होते. वरून दिसलेलं आत जिने चढणाऱ्यांना थेट सांगायची सोय नव्हती. त्या दिवशी ३४३ अग्निशामक गेले. सगळे याच एका कारणानं गेले असं नाही, पण चौकशीत या तुटलेपणाची नोंद झाली. २००५ साली कॅटरिना वादळ आलं. त्यानंतर, २००६ पासून, तिथल्या केंद्र सरकारनं अनुदानाला अटच घातली: अनेक खात्यांनी मिळून करायच्या कामात आकडे नकोत, साध्या भाषेत बोला. जवळजवळ सत्तर वर्षांनी चक्र फिरून परत आलं.

मग सगळे संकेत मोडीतच काढायचे का? तसंही नाही. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर १९२० च्या दशकात फ्रेडरिक मॉकफर्ड नावाचा रेडिओ अधिकारी होता. विमानांची बरीच ये-जा पॅरिसशी. दोन्हीकडच्यांना चटकन कळेल असा संकटाचा शब्द हवा होता. 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून त्यानं 'मेडे' शब्द सुचवला. १९२७ साली तो आंतरराष्ट्रीय करारात आला आणि जगभर एकाच अर्थानं राहिला.

असा शब्द न उच्चारल्याची किंमत काय, हे २५ जानेवारी १९९० च्या रात्री दिसलं. कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेलं अवियांका कंपनीचं विमान खराब हवेमुळे तासाहून अधिक वेळ ताटकळत ठेवलं होतं. वैमानिकांनी 'इंधन संपत आलंय', 'आम्हाला प्राधान्य द्या' असं सांगितलं, पण आणीबाणीचा ठरलेला शब्द एकदाही वापरला नाही. खालच्यांनी त्यांना इतरांसारखंच वागवलं. इंधन संपून विमान कोसळलं आणि १५८ पैकी ७३ माणसं गेली. साधी भाषा होती, खरी भाषा होती, तरी पोचली नाही.

तेव्हा शब्द गुप्त आहे की उघडा, हा प्रश्नच नव्हे. दोन्ही टोकांना त्याचा अर्थ एक हवा. आणि तो एक आहे हे कळायचा एकच मार्ग: ऐकणाऱ्यानं ते परत म्हणून दाखवायचं. जगभरच्या वैमानिकांना हे सक्तीचं आहे. आपण घरात मात्र 'सांगितलं होतं की!' एवढ्यावर भांडण मिटवतो, किंवा सुरू करतो.

हे सगळं मी वाचलं होतं, टिपून ठेवलं होतं. आणि तीन वर्षांपूर्वी आषाढातल्या एका रात्री आमची ही न्हाणीघरात घसरून पडली. डोक्याला खोक पडली होती. मी १०८ क्रमांक फिरवला.

"काका, पत्ता सांगा," पलीकडून एका मुलीचा शांत आवाज आला.

"अहो, मिसेस पडल्यात, रक्त फार येतंय..."

"हो काका. पत्ता?"

"गणपतीच्या देवळाजवळ," मी म्हणालो. आमच्या भागात गणपतीची देवळं तीन आहेत!

"सर्व्हे नंबर सांगा."

"एकोणसाठ."

"एकोणसाठ की एकोणसत्तर? सुटे आकडे सांगा, काका."

पाच, नऊ. आयुष्यभर कॅशियरला मी हेच शिकवत आलो होतो. मग ती म्हणाली, "आता मी सगळं परत म्हणते, चुकलं तर थांबवा." तिनं इमारतीचं नाव, मजला, रस्ता सगळं म्हणून दाखवलं. मजला चुकला होता. मीच चुकीचा सांगितला होता. शेवटी म्हणाली, "कुणाला तरी बॅटरी घेऊन फाटकात उभं करा." शेजारचा मुलगा उभा राहिला. गाडी नेमकी दारात आली.

सात टाके पडले, पण ही बरी झाली. घरी आल्यावर तिचं पहिलं वाक्य: "इतक्या कादंबऱ्या लिहिल्यात, आणि घरचा पत्ता सांगता येईना!"

आता आमच्या फोनशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवला आहे. त्यावर ठळक अक्षरांत पूर्ण पत्ता, मजला, सुट्या आकड्यांत सर्व्हे नंबर, जवळची एकच खात्रीची खूण, आणि १०८ व ११२ हे क्रमांक. वाचकहो, आज रविवार आहे, घरात सगळे असतील. पाच मिनिटांचं काम आहे.

त्या कागदाकडे पाहताना मला कधी कधी ते टोपी हातात घेतलेले म्हातारबा आठवतात. पुस्तक तिजोरीत ठेवणं माझं कामच होतं. पण "टॅली होत नाही" हे मी त्यांना आमच्या भाषेत सांगितलं. "बाबा, पैसे आलेत, एका आकड्याचा घोळ आहे, मी आत्ताच मुंबईला विचारतो, तोवर इथं बसा," एवढं त्यांच्या भाषेत सांगायला कुठलंही कोडबुक लागत नव्हतं. त्यांना काय समजलं, हे मी त्यांना परत म्हणायला लावलं नाही. लावलं असतं, तर बहुधा ते म्हणाले असते, "पैसं न्हाईत."