धारेची सुरी

सुरीला फार धार नको, हात कापेल, असे आपल्याकडे नेहमी म्हणतात. खरे तर बोथट सुरीच टोमॅटोच्या सालीवरून घसरते. मग आपण जोर लावतो आणि तो बोटावर येतो. धारेची सुरी टेकवाल तिथेच उतरते. कांदा तिने चिरला तर कमी चेंगरतो, रस कमी उडतो, डोळेही कमी चुरचुरतात. हे सुख एकदा हाताला कळले, की जुनी सुरी नकोशी होते.

चांगल्या सुरीचे नखरेही असतात. जपानी सुऱ्यांचे पोलाद बहुधा फार कडक असते. त्यामुळे धार टिकते, पण मटणाच्या नळीवर मारली तर टवका उडतो. तिथे सत्तूरच हवा. विळीवर पाते स्थिर आणि हात हलतो. इथे पातेच हलते, म्हणून भाजी धरलेल्या हाताची बोटे आत मुडपावीत.

खरा धोका मात्र चिरताना नाही, मोरीत आहे. फेसाखाली पडलेली सुरी दिसत नाही. भांडी घासायला येणाऱ्या बाईंना तर ती तिथे आहे हेच ठाऊक नसते. हौस आपली असते, कापतो त्यांचा हात. ही सुरी भांड्यांत टाकूच नये. काम झाले की आपणच धुऊन, पुसून जागेवर ठेवावी.