होय साहेब! (भाग ७) : फोनवरचा साहेब

आज स्टॅनफर्डच्या तुरुंगाच्या प्रयोगाकडे वळायचं ठरलं होतं. पण बेंगळुरूच्या एका वाचकाने अशी शंका काढली आहे, की तुरुंग आठवडाभर थांबलेला बरा. ते विचारतात, "मिलग्रॅमच्या विजेच्या झटक्यांच्या प्रयोगात हुकूम देणारा करड्या कोटातला माणूस निदान त्याच खोलीत बसलेला होता. आमच्या इंदिरानगरातल्या बाई तर स्वतःच्या घरात होत्या. फोन ठेवून दिला असता, तर कोण काय करणार होतं?"

प्रकरण तुम्ही वाचलं असेल. सप्टेंबर २०२४ मध्ये कुरिअर कंपनीच्या नावाने फोन आला. अंधेरीत तुमच्या नावाचं पार्सल सापडलंय, आत पासपोर्ट, क्रेडिट कार्डं आणि एमडीएमए हा अमली पदार्थ. पुढे सीबीआयचे म्हणवणारे तोतये, स्काइपवरचा पहारा. नोव्हेंबर २०२५ मध्ये पोलिसांत तक्रार नोंदली गेली, तोवर १८७ व्यवहारांतून ३१ कोटी ८३ लाख रुपये गेले होते. 'शिकलेली माणसं इतकी भोळी कशी?' असं विचारून मोकळे होणाऱ्यांचा मला राग येतो. येलमध्ये मिलग्रॅमच्या प्रयोगात, दुसऱ्याला विजेचे झटके बसतायत असं समजूनही सांगितल्याबरहुकूम खटके दाबणारेही चांगले नोकरी-धंदा करणारेच लोक होते.

शंका मात्र बिनतोड आहे, कारण मिलग्रॅमने नेमकं हेच करून पाहिलं होतं. एका फेरीत प्रयोगकर्ता सुरुवातीच्या सूचना देऊन खोलीबाहेर गेला आणि पुढचे हुकूम फोनवरून सोडू लागला. एरवी ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत जात. आता पाचांतला जेमतेम एक जाऊ लागला. काहींनी तर चक्क थापा मारल्या. तोंडाने 'वाढवतोय' म्हणायचं आणि बोट सगळ्यात खालच्या खटक्यावर! मला हा मिलग्रॅमच्या साऱ्या नोंदींतला सर्वांत लोभस प्रकार वाटतो. पण साहेब खोलीत परतला, की अडून बसलेल्यांपैकीही काही जण पुन्हा मुकाट्याने पुढे जात.

म्हणूनच भामट्यांना नुसता फोन पुरत नाही, कॅमेरा लागतो. तो सुरू ठेवायला लावला, की साहेब घरातच येऊन बसतो आणि चुकारपणाची सोय संपते.

सुटकेची दुसरी वाट सोबतीची. आणखी एका फेरीत शेजारी बसवलेल्या दोघा पढवलेल्या साथीदारांनी मध्येच काम सोडलं, तेव्हा ४० पैकी ३६ जण शेवटपर्यंत गेलेच नाहीत. भामटे ही वाटही बंद करतात. इंदिरानगरच्या बाईंना बजावलं होतं, गुन्हेगारांची घरावर नजर आहे, स्थानिक पोलिसांकडे जाऊ नका. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे बाळकडू प्यायलेल्या आपल्या मध्यमवर्गाला तर गप्प राहायला फार बजावावंही लागत नाही.

आणि ते १८७ व्यवहार! मिलग्रॅमच्या यंत्रावर ३० खटके होते, दर वेळी फक्त १५ व्होल्ट जास्त. एकतीस कोटी एका दमात कोणी देत नाही. आधी हमीची रक्कम, मग कर, मग आणखी काही. शंभरावा हप्ता नाकारायचा, तर आधीचे नव्याण्णव का दिले याचं उत्तर स्वतःलाच द्यावं लागतं.

एक गोष्ट मात्र 'हुकमाची भीती' या सरधोपट उत्तरात बसत नाही. मानसशास्त्रज्ञ जेरी बर्गरने मिलग्रॅमचा प्रयोग १५० व्होल्टच्या मर्यादेत पुन्हा केला. 'तुम्हाला दुसरा पर्यायच नाही' ही शेवटची, सर्वांत कडक सूचना ज्यांना ऐकवावी लागली, त्यांच्यातला एकही पुढे गेला नाही. उघड हुकूम झाला, की माणूस बिथरतो. तोतये हे पक्कं जाणतात. धमकी असतेच, पण बोलणं तपासातल्या सहकार्याचं, पैसे पडताळून परत करण्याचं. इंदिरानगरात तर 'क्लिअरन्स'चं पत्रसुद्धा देण्यात आलं होतं.

माणसं हुकूम पाळतात की आपण योग्य कामाला हातभार लावतोय असं समजून चालत राहतात, यावरून अलेक्स हॅस्लम आणि स्टीफन रायशर हे दोघे मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅमशी वाद घालतात. माझा कौल बराचसा त्यांच्या बाजूने आहे. याच दोघांनी डिसेंबर २००१ मध्ये बीबीसीच्या मदतीने तुरुंगाचा प्रयोग पुन्हा उभा केला होता. त्यामुळे स्टॅनफर्डला जाऊ, ते त्यांना बरोबर घेऊनच. पुढच्या आठवड्यात.